अ‍ॅडमिशनआधीचा हिशोब: फी, शिष्यवृत्ती आणि कर्ज

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न असतो, 'आपल्याला झेपेल का?' आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर बहुतेक वेळा कागदावर काहीही न मांडताच दिलं जातं. कुणी घाबरून पोरीचं इंजिनिअरिंग रद्द करतं, कुणी थेट जमीन गहाण टाकायला निघतं. म्हणून आज आपण नुसता हिशोब करू. वही-पेन घ्या, किंवा मोबाइलचं नोटपॅड उघडा.

पहिली गोष्ट. 'फी' हा एक आकडा नसतो. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि तिच्यात शिक्षण शुल्क वेगळं, विकास शुल्क वेगळं. त्यावर परीक्षा शुल्क, अनामत, बाकीचे किरकोळ खर्च. हे वेगळं का बघायचं? कारण शिष्यवृत्ती सगळ्यावर मिळत नाही.

उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते. शिक्षण शुल्क १ लाख, विकास शुल्क १० हजार, इतर ५ हजार. एकूण १ लाख १५ हजार. तुम्ही खुल्या प्रवर्गातले आहात आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. मग राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे ज्याला सगळे 'ईबीसी' म्हणतात, ती लागू होऊ शकते. यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भाग माफ होतो. म्हणजे ५० हजार वाचले, उरले ६५ हजार. 'निम्मी फी' असं ऐकून तुम्ही साडेसत्तावन्न हजारांची तयारी केली असेल, तर साडेसात हजार कमी पडले. ऐन प्रवेशाच्या दिवशी हीच रक्कम रडवते.

मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्याच्या वर असेल तर राज्याची फ्रीशिप बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नीट ऐका. ईबीसी आणि मुलींची फीमाफी या योजना कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावर सीट घेतली तर त्या मिळत नाहीत. जूनमध्ये एखाद्या एजंटचा फोन येतो, 'आत्ता भरा, सीट पक्की, नंतर नाही मिळणार.' आईबाबा घाबरून टोकन देऊन मोकळे होतात. त्या एका सहीनं फक्त या वर्षीची नाही, चारही वर्षांची सवलत हातची जाते. त्यामुळे कॅपच्या फेऱ्या संपेपर्यंत धीर धरा.

आता दुसरा खर्च, जो कुणी मोजत नाही. शहरात खोली आणि मेसचे महिन्याला ७ हजार धरा. दहा महिन्यांचे ७० हजार झाले. बघा, आपल्या उदाहरणात हे उरलेल्या फीपेक्षा जास्त आहेत! यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पण तिचा अर्ज वेगळा करावा लागतो. ईबीसी भरली म्हणजे हा भत्ता आपोआप येत नाही.

अर्ज कुठे? महाडीबीटी पोर्टलवर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, रेशनकार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती आणि लागू असेल तर जातीचा दाखला असं सगळं स्कॅन करून ठेवा. उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढा, कारण जूनमध्ये सेतू केंद्रात रांगा लागतात. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, कारण पैसे आधारमार्फत जमा होतात. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग झालंय का?' असं स्पष्ट विचारा. नुसती केवायसी झाली म्हणजे सीडिंग झालं असं नाही.

अर्ज भरला म्हणजे काम संपलं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडे. त्रुटी असेल तर परत पाठवला जातो, आणि तुम्ही पोर्टल उघडलंच नाही तर तसाच पडून राहतो. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करा. पुढच्या वर्षी रिन्यूअलही तुम्हालाच भरायचंय.

यानंतरही कमी पडत असेल तर शैक्षणिक कर्ज. ते वाईट नाही, फक्त त्याचं गणित कळायला हवं. दरवर्षी १ लाख असं चार वर्षं घेतलं, सरळव्याज १० टक्के धरलं, आणि कोर्स संपल्यावर एक वर्षानं हप्ते सुरू झाले, तर तोपर्यंत व्याजच १ लाख ४० हजार होतं. ४ लाखांचे ५ लाख ४० हजार. शिकताना नुसतं व्याज भरत राहिलात, अगदी थोडं थोडं, तरी हा डोंगर वाढत नाही. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश असेल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण सुरू असताना व्याजात ३ टक्के सवलतीची तरतूद आहे. बँकेत जाताना हे विचारा.

शेवटी एक विनंती. हा हिशोब एकट्यानं करू नका. आज रात्री जेवण झालं की आईबाबांना शेजारी बसवा आणि चार ओळी लिहा: एकूण फी, माफ होणारी रक्कम, राहण्याचा खर्च, उरलेली रक्कम. 'झेपेल का' याचं उत्तर तो चौथा आकडा बघून द्या. आकडा मोठाच निघाला, तर घराजवळचं सरकारी किंवा अनुदानित कॉलेज हाही एक चांगला पर्याय आहे, त्यात कमीपणा काही नाही.

दाखल्यांबद्दल प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेतो. तोपर्यंत उत्पन्नाचा दाखला काढायला निघा!