चालायला लागली की आणा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर. बोलताना सुटलेले थोडे लिहिताना घातले आहे, लांबलेले कापले आहे.)



दरवर्षी या व्यासपीठावर प्राध्यापक, डॉक्टर, लेखक बोलतात. यंदा आमच्यासारख्या डिप्लोमावाल्या सरकारी नोकराला उभे केले, कारण ठरलेले व्याख्याते ऐनवेळी आजारी पडले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा नसावी. आम्हाला सिमेंट, रेती आणि एमबीतल्या नोंदी कळतात. आणखी एक. आम्ही 'आम्ही' म्हणतो तेव्हा त्यात आम्ही दोघे आलो. ही तिसऱ्या रांगेत बसली आहे, कुठे चुकलो तर हात वर करील.

विषय लहान मुलांचा आहे. तीन ते सहा वर्षांच्या, शाळेच्या आधीच्या मुलांचा. येत्या जूनपासून आपण या हॉलमध्ये मराठी बालवर्ग पुन्हा सुरू करणार आहोत. त्याच्या प्रवेश-अर्जाचा मसुदा कार्यकारिणीत फिरला. त्यात दोन ओळी आहेत. पहिली: प्रवेश मराठीभाषक कुटुंबातील मुलांनाच. दुसरी: मूल स्वतः चालणारे व शौचाला सांगणारे असावे. त्या मसुद्यावर आमचीही सही आहे. घाईत केली, वाचली नाही. घरी आणल्यावर हिने वाचला, कागद टेबलावर ठेवला आणि एवढेच म्हणाली, "आपल्यालाच हे सांगितले होते ना?"

होय, आम्हालाच सांगितले होते. आमची धाकटी आता अकरा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. डोक्याने हुशार, पाय आणि उजवा हात ताठ, बोलणे उशिरा आले. साडेतीन वर्षांची असताना तिला उचलून एका बालवर्गात घेऊन गेलो. कोणत्या ते सांगत नाही, आणि तिथल्या बाई वाईट होत्या असेही नाही. त्यांनी पाणी दिले, मुलीच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "चालायला लागली की आणा." आम्ही "बरं" म्हणून परत आलो. राग आला नाही, हे आज जास्त लागते. आम्हाला ते रास्तच वाटले होते.

पुढचे काही महिने ती घरातच होती. आई आणि आजी, दोनच माणसे. थोरल्याचे मित्र आले की ती जमिनीवरून सरकत दारापर्यंत जायची आणि ते सायकली काढून गेले की उंबऱ्याशी बसून राहायची. आमच्या घरामागच्या वस्तीत अंगणवाडी होती. तिथे नेण्याचे आमच्या मनातही आले नव्हते. का, हे सभेत स्पष्ट बोलायला हवे: ती वस्तीतल्या मुलांची जागा, असे आम्ही समजत होतो. शेवटी तिथल्या तेडागर बहेनच एक दिवस आमच्या ओटल्यावर आल्या. मुले गोळा करून आणणे हे त्यांचे कामच. त्यांनी उंबऱ्याशी बसलेली पोर पाहिली आणि विचारले, हिचे नाव आमच्या चोपड्यात का नाही?

इथे थोडे विषयांतर करतो. 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी योजनेच्या आधीचा आहे, आणि तो ज्यांच्या कामातून आला त्यांचे आपल्या गुजरातशी नाते आहे. ताराबाई मोडक राजकोटला ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. तिथून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. मराठी बाई, गुजराती मुले, गुजराती मासिक. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे 1936 मध्ये दादरला शिशुविहार, आणि 1945 मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डीला बालवाडी उघडली तरी ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. त्यांची पायरी चढण्याची रीतच नव्हती, धाकटे भावंड कडेवर, अंगावर कपडा नाही. तेव्हा मुलांना दोष देत न बसता या बायका बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. आधी आंघोळ, केस विंचरणे, मग गाणी, आणि शिकवायला शिंपले, बिया, पाने, खडे. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणात शाळा भरवली. आपण त्यांच्या तसबिरी लावतो. त्यांनी प्रवेशाला अट मात्र घातली नव्हती.

सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला 33 प्रकल्पांनी सुरू झाली. त्यातला एक छोटा उदेपूरचा, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच बडोदे जिल्ह्यातला. बाकी इतिहास इथेच सोडतो.

तर आमची मुलगी अंगणवाडीत गेली. गोड गोष्ट सांगतो आहोत असे समजू नका. एक कार्यकर, एक तेडागर, तीसेक मुले आणि रजिस्टरांचा ढीग. पहिले दोन महिने ही रोज तिथे बसली, कारण मुलीला शौचाला नेणारे कोणी नव्हते आणि संडासाच्या दारातून मूल उचलून आत वळताच येत नव्हते. पहिल्या आठवड्यात मुलांनी तिला चिमटे काढले, केस ओढले, एकाने तोंडात रेती घातली. पण कार्यकर बहेननी एक साधी गोष्ट केली. खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथे, तिला बसवले. पाठीला दोन्हीकडून आधार मिळाला आणि दोन्ही हात मोकळे झाले. पुढे फिजिओथेरपिस्टने सांगितले की अशा मुलांसाठी 'कॉर्नर चेअर' नावाची खुर्चीच मिळते, तत्त्व तेच. त्या बहेनना ते नाव ठाऊक नव्हते. मूल कुठे घसरत नाही, एवढे त्यांनी पाहिले होते.

एक पोरगा तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ए तो मांदी छे." बहेन पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "मांदी नथी, बेठी छे." त्यानंतर तो शब्द त्या खोलीत पुन्हा ऐकू आला नाही. गोलात बसायचे खेळ वाढले, पळायचे थोडे कमी झाले. चेंडू फेकायचा खेळ झाला की तिच्याकडे सरकवत आणायचा, हे मुलांनी आपले आपण ठरवले. आम्ही डॉक्टरांकडे इतके पैसे घातले, पण उजवा हात पुढे करायला ती त्या चेंडूसाठी शिकली.

तिचा पहिला स्पष्ट शब्द होता "आपो." सुखडीसाठी. ही रडली. आजी देवापुढे साखर ठेवून आली आणि मग हळूच विचारले, "आणि मराठी कधी?"

मराठी पण आली. त्या खोलीत गुजराती, हिंदी, थोडी राठवी, आणि आमच्यामुळे एक मराठी बडबडगीत. चार वर्षांच्या मुलाला भाषांचा गोंधळ होतो ही मोठ्या माणसांची भीती आहे. आपण बडोदेकरांनी तरी ती बाळगू नये. आपल्यातला कोण 'चालेल' आणि 'चालशे' यांत अडखळतो? भाषा घरी रोज बोलली तर टिकते, दारावर पाटी लावून नाही. म्हणून मसुद्यातल्या पहिल्या ओळीबद्दल आमचे म्हणणे असे की शिक्षिकेने मराठीतच बोलावे, गाणी-गोष्टी मराठीतच व्हाव्यात, पण मुलाने उत्तर कोणत्या भाषेत दिले म्हणून त्याला परत पाठवू नये. आज या सभागृहात किती सुना गुजराती, सिंधी, मल्याळी आहेत ते बघा. त्यांची मुले 'मराठीभाषक कुटुंबातली' आहेत की नाहीत, हे ठरवायला आपण उपसमिती नेमणार का? आणि आपल्या हॉलचे रखवालदार पंधरा वर्षे इथे राहतात, त्यांचा नातू ही सगळी आरती तोंडपाठ म्हणतो. तो कुठे बसणार?

काही सभासदांची काळजी खरी आहे, ती हसण्यावारी नेत नाही. दार सगळ्यांना उघडले तर दोन वर्षांत वर्गात मराठी मूल शोधावे लागेल, असे ते म्हणतात. तसे होऊ शकते. त्याला उत्तर हेच की निम्म्या जागा भरण्याइतकी मुले आपण आपल्या घरांतून पाठवावीत. सध्या ती इंग्रजी प्ले-ग्रुपला जातात आणि बालवर्गाची काळजी आपण भाषणांतून करतो.

आता दुसरी ओळ, आणि इथे आमची स्वतःची एक गोष्ट कबूल करायची आहे. आम्ही खात्यातली माणसे. अंगणवाडीच्या इमारती, ज्यांना आपल्याकडे नंदघर म्हणतात, त्यांची कामे आमच्या हातून गेली आहेत. अशा एका कामात जोते दीड फूट होते. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा हवे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट. पुढे रस्त्यापर्यंत जागा सात फूट. आम्ही सहा फुटांचा रॅम्प घातला, म्हणजे एकास चार. एमबीत 'रॅम्प, एक नग' अशी नोंद झाली, फोटो लागला, बिल निघाले. तो उतार घसरगुंडीला बरा. मूल बसलेली खुर्ची त्यावरून आई एकटीने चढवूच शकत नाही. आणि चढवलीच तर वर दाराशी दोन इंचांचा उंबरा.

तेव्हा आमची मुलगी जन्मली नव्हती. ज्या अंगणवाडीत ती पुढे गेली ती आम्ही बांधलेली नव्हती, पण रॅम्प तसाच होता. ही रोज मुलीला कडेवर घेऊन बाजूच्या पायऱ्या चढायची. त्याच रॅम्पवर पावसाळ्यात एकदा दोघी पडल्या, तेव्हापासून. त्या संध्याकाळी आम्ही टेप घेऊन गेलो आणि मोजले. एकास चार.

जागा नव्हती हे कारण खोटे होते. समोर जागा नसली तर भिंतीच्या कडेने वळवून नेता येतो, मध्ये चार फुटांचा सपाट टप्पा ठेवून. कोणाला सुचले नाही, कारण तो रॅम्प कोणी वापरील असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नव्हते.

आणखी एक चूक, ती दोघांची. आरोग्य खात्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतली मुले तपासायला येते. 2013 पासूनची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची योजना आहे. जन्मजात दोष, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढीतला उशीर, चारही गोष्टी पाहतात आणि पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. पथक आले त्या दिवशी आम्ही मुलीला घरी ठेवले. दाखल्यावर शब्द लिहिला जाईल, पुढे लग्नाचे काय, थोरल्याला काय ऐकावे लागेल, असले विचार. दाखला काढायला दोन वर्षे घालवली. त्या वयात दोन वर्षे फार असतात. स्नायू तोवर अधिक आखडतात. आज समोर कोणी असे लपवत असेल, तर सभा संपल्यावर हिच्याशी बोला. ती आमच्यापेक्षा चांगले सांगते.

कायद्यात जागा आहे. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. 2023 च्या नोव्हेंबरात अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी केंद्राने स्वतंत्र कार्यपद्धतीही काढली. पण मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून धरतात. त्याआधीची तीन वर्षे पुष्कळशी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि आपल्यासारख्या मंडळांच्या मनावर असतात.

खर्चाचे म्हणाल, तर ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी पहिली गरज यंत्राची नसते. शिक्षिकेने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, चेहऱ्यावर उजेड हवा. आपला हॉल घुमतो, खाली जाड सतरंजी आणि दोन पडदे लावले तर फरक पडेल. कमी दिसणाऱ्यासाठी पायरीच्या कडेला पिवळा पट्टा. आवाजाने बिथरणाऱ्या मुलासाठी मागची छोटी खोली, जिथे सध्या मखराचे थर्माकोल आहे. आणि शौचाला न सांगणाऱ्या मुलासाठी एक मदतनीस बाई. तीन वर्षांची कितीतरी धडधाकट मुलेही सांगत नाहीत, हे इथल्या आज्या जाणतात.

म्हणून आमची सही आम्ही मागे घेतली आहे. दुसरी ओळ काढून टाकावी असा ठराव दिवाळीनंतरच्या सभेत मांडणार आहोत. हरलो तर हरलो. पण मत देण्याआधी एवढे ध्यानात घ्या की आमची मुलगी आज वॉकर घेऊन चालते. या हॉलच्या तीन पायऱ्या मात्र ती चढू शकत नाही. काल आरतीला तिला दोघांनी उचलून आणले. अकरा वर्षांच्या मुलीला लोकांसमोर उचललेले आवडत नाही. आज ती घरीच थांबली आहे.

हॉलचे जोते आम्ही मोजले, सतरा इंच. म्हणजे सतरा फूट उतार लागेल. समोर बसत नाही, पण डाव्या भिंतीच्या कडेने, चपलांच्या घोडीच्या मागून, एक वळण घेऊन बसतो. रुंदी चार फूट, कठडा दोन उंचींवर, खालचा मुलांच्या हाताला येईल असा. मंडपाचे बांबू तिथे रचून ठेवतात, ते हलवावे लागतील. नकाशा आणि अंदाजपत्रक चिटणीसांकडे दिले आहे. देखरेख आम्ही करू, त्याचे काही घेणार नाही. फक्त एमबीत 'एक नग' लिहायचे नाही, उतार मोजून लिहायचा.