भुतांचेही नियम असतात



नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. मे महिन्यात दुपारी कूलरसमोरून कोणी हलत नाही. अशा वेळी घरात मोबाईल एक आणि मुलं चार असली, की तो आधी कुणाच्या हातात जातो? बहुतेक घरी मुलाच्या. मुलीला सांगतात, "तू मंग खेळजो, आधी भांडी आवर." नव्वदीत व्हिडिओ गेमची दुकानं आली, तेव्हाही हेच होतं. भाऊ नाणी घेऊन जायचे आणि आम्ही घरी त्यांच्या गोष्टी ऐकायचो.

त्या दुकानांतला एक खेळ मात्र मुळात बायकांना डोळ्यांपुढे ठेवून तयार झाला होता. त्याचं नाव पॅक-मॅन. जपानमधल्या नामको कंपनीतल्या तोरू इवातानी या तरुणाने तो 1980 साली आणला. त्या काळात खेळाच्या दुकानांत परग्रहावरच्या शत्रूंना गोळ्या घालायचे खेळ फार, आणि गर्दी सगळी पुरुषांची. मुलींनीही तिथे यावं म्हणून इवातानींनी मारामारी सोडून खाणं हा विषय घेतला. जपानीत तोंडाच्या उघडझापीला 'पाकु पाकु' म्हणतात, जसं आपण 'मटामटा खातो' म्हणतो. त्यावरून खेळाचं नाव पडलं.

खेळ सोपा आहे. एक भुलभुलय्या, त्यात 240 लहान ठिपके आणि 4 मोठे. पिवळ्या गोल तोंडाने ते सगळे खायचे, आणि मागे चार भुतं. मोठा ठिपका खाल्ला की थोडा वेळ भुतंच आपल्याला घाबरून पळतात.

खरी गंमत भुतांमध्ये आहे, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. लाल भूत सरळ आपल्या मागे लागतं. गुलाबी आपल्यापुढच्या चार घरांवर नजर ठेवून वाट अडवतं. निळं भूत आपण कुठे आणि लाल भूत कुठे, हे दोन्ही पाहून चाल ठरवतं. नारिंगी लांबून धावत येतं, पण जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं. शिवाय अधूनमधून चारही भुतं पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यांत जातात, तेवढीच आपल्याला उसंत. म्हणजे भीती वाटते खरी, पण भुतं नियमाने चालतात, आणि नियम कळला की वाट सापडते.

मग हा खेळ नव्या माणसांसाठी नवा कसा करायचा? काही वर्षांतच लोकांनी भुतांच्या चाली पाठ केल्या. ठरलेल्या वळणांनी गेलं की कोणी पकडत नसे. म्हणून 1982 मध्ये मिस पॅक-मॅन आली. तिच्यात एकाऐवजी चार भुलभुलय्ये होते, फळं फिरू लागली आणि भुतांच्या चालीत थोडा अंदाज चुकवणारा भाग आला. 2007 मध्ये इवातानींनी आणखी एक रूप केलं. त्यात अर्धा भुलभुलय्या संपवून फळ खाल्लं की तिथली वाट बदलते, आणि डाव पाच मिनिटांत आटोपतो. 2010 मध्ये तीस वर्षं झाली म्हणून गूगलने आपल्या पहिल्या पानावरच हा खेळ ठेवला. तिथे नाण्याचं बटण दुसऱ्यांदा दाबलं की मिस पॅक-मॅनही येई आणि दोघांना एकत्र खेळता येई.

या सगळ्यांतून आम्ही एक गोष्ट घेतली. वाट बदला, वेग बदला, वेळ बदला, पण आपण का पकडले गेलो हे खेळणाऱ्याला कळलंच पाहिजे.

तेवढं धरून आम्ही आमचा पॅक-मॅन केला. ना मोबाईल, ना नाणं. संध्याकाळी समाजभवनाच्या फरशीवर खडूने चौकोनांचा भुलभुलय्या काढतो. ठिपक्यांच्या जागी साठ चिंचोके आणि चार कोपऱ्यांत चार संत्रागोळ्या. एक मुलगी खाणारी आणि चार मुली भुतं. टाळी वाजली की सगळ्यांनी एकच घर पुढे जायचं. त्यामुळे चपळ पोरीला आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला सारखीच संधी मिळते. जिला उभं राहवत नाही, ती खुर्चीवर बसून भुताला घर सांगते. नवीन कोणी आली, तर आधी एकच लाल भूत सोडतो. ते जमलं की गुलाबी, मग बाकीची.

या खेळात एका दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "मावशी, हे नियम कोणी ठरवले? मी बदलू का?" आम्ही म्हटलं, बदल! तिने पाचवं भूत काढलं. ते दोन टाळ्यांना एकदाच चालतं, पण त्याला संत्रागोळीची भीती नाही. ते भूत आता आमच्याकडे कायम आहे.

मैत्रिणींनो, आमच्या लेखी मोठी गोष्ट तीच. मोबाईलमधला प्रत्येक खेळ कोणीतरी बसून ठरवलेला असतो. कुठे हरायचं, कुठे जाहिरात यायची, कुठे पैसे मागायचे, सगळं ठरलेलं. जी पोरगी फरशीवर एक भूत घडवते, तिला उद्या मोबाईलमधलं भूतही ओळखता येईल. मनावर घेतलं तर ती तेही घडवेल. त्यासाठी आधी तिच्या वाट्याला खेळ यायला हवा.

तर या रविवारी ऊन उतरलं की खडू घ्या, मूठभर चिंचोके घ्या आणि अंगणात किंवा गच्चीवर आठ बाय आठ घरं आखा. काही घरं खडूने भरून भिंती करा. नियम मोठ्याने वाचून दाखवा. आणि पहिला डाव मुलीला द्या. भांडी तोवर थांबतात, नाहीतर भावाला घासू द्या.