कशावरून?



आज मुलांच्या रहस्यकथांविषयी चार शब्द सांगायचे आहेत. पण आधी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो.

मी तेव्हा एका खेड्यातल्या शाळेत चौथीला शिकवीत होतो. एके दिवशी एका मुलीचे नवे फाउंटनपेन हरवले. मधल्या सुट्टीत वर्गात एकच मुलगा बसून होता. त्याच्याकडे भाकरी नव्हती, म्हणून तो बाहेर गेला नव्हता. मी सगळ्यांच्या देखत त्याला उभे केले आणि विचारले, "तू घेतलंस का?" त्याने मान खाली घातली. मला वाटले, झाले, चोर सापडला! चार दिवसांनी बसकरपट्ट्या झटकायला काढल्या, तेव्हा एका पट्टीच्या घडीतून ते पेन टपकन खाली पडले. मी वर्गासमोर चूक कबूल केली. पण तो मुलगा पुढे कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत वर्गात थांबेना.

त्या दिवशी वर्गात चाळीस मुले होती. एकानेही विचारले नाही, "गुरुजी, कशावरून?" कारण तो प्रश्न विचारायला मी त्यांना शिकवलेच नव्हते. आणि तो शिकवायला चांगल्या रहस्यकथेसारखे साधन नाही, हे मला तेव्हापासून पटले आहे.

रहस्यकथा म्हटली की पुष्कळ घरांत कपाळाला आठ्या पडतात. एका पिढीने बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचली, आणि सापडल्यावर मारही खाल्ला. अर्नाळकरांनी अशी हजारावर पुस्तके लिहिली. झुंजार आणि काळा पहाड ही नावे खेडोपाडी पोचली, आणि वाचनाची गोडी अनेकांना तिथेच लागली. मात्र लहान मुलांची सुरुवात खून-पिस्तुलांच्या गोष्टींनी करू नये, हे खरेच. मग सुरुवात करावी कुठून?

अगदी घरच्या गोष्टीपासून. म्हातारा सिंह आजारी पडून गुहेत बसला. एकेक जनावर समाचाराला जाऊ लागले. कोल्हा मात्र दाराशीच थांबला. का? तर पावले आत गेलेली दिसत होती, बाहेर आलेले एकही पाऊल दिसत नव्हते. मुलांनो, हा कोल्हा म्हणजे तुमचा पहिला गुप्तहेर! पाच-सहा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगताना इथेच थांबा. उत्तर सांगू नका. "कोल्हा आत का गेला नसेल बरं?" असे विचारा आणि वाट पाहा. मुलाने चुकीचे उत्तर दिले तरी हसू नका. "असं तुला कशावरून वाटलं?" एवढेच विचारा.

खेड्यातली मुले या बाबतीत भाग्यवान आहेत. पूर्वी गावात चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई, आणि माग दुसऱ्या गावच्या हद्दीत शिरला की पुढचा शोध त्या गावाने घ्यायचा, अशी रीत होती. आजही ओल्या बांधावर बैल गेला की म्हैस, हे शेतकऱ्याचे पोर बघताक्षणी सांगते. तेव्हा पावसानंतर मुलांना शाळेच्या अंगणात घेऊन जा. कोण आले, कोण गेले, कोण पळत होते, हे त्यांनाच ओळखू द्या. गोष्टीची तयारी तिथेच होते.

मग बिरबलाच्या काठ्यांची गोष्ट घ्या. सगळ्या नोकरांना सारख्या लांबीच्या काठ्या दिल्या आणि सांगितले, चोराची काठी रात्रीत बोटभर वाढेल. चोराने भिऊन आपली काठी बोटभर कापली, आणि तो पकडला गेला. गोष्ट संपली की मुलांना विचारा, "एखाद्या निरपराध पण भित्र्या माणसानेच काठी कापली असती तर?" वर्गात वादावादी होईल. होऊ द्या. भीती निराळी आणि गुन्हा निराळा, हे मुलांना त्या वादातून कळते. मला ते कळले असते, तर खाली घातलेल्या मानेला मी कबुली समजलो नसतो.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या हाती पुस्तक द्यावे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर आपलाच. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर भरधाव सुटणारा. सत्यजित राय यांनी १९६५ साली बंगालीत फेलूदा आणला, त्याच्याही कथा मराठीत आल्या आहेत. आणि एरिक केस्टनर या जर्मन लेखकाची १९२९ सालची एमिलची गोष्ट तुम्ही स्वतः वाचून मुलांना सांगावी अशी आहे. एमिलची आई केस विंचरून-धुऊन देण्याचे काम करून घर चालवते. ती त्याच्याजवळ १४० मार्क देऊन त्याला बर्लिनला आजीकडे पाठवते. पैसे हरवू नयेत म्हणून तो नोटा टाचणीने कोटाच्या अस्तराला टाचतो. गाडीत त्याला झोप लागते आणि नोटा जातात. बर्लिनची पोरे जमवून तो चोराचा पाठलाग करतो. पण पैसे एमिलचे, हे ठरणार कशावरून? नोटांना टाचणीची भोके आहेत, त्यावरून! नुसत्या आरड्याओरड्याने ते सिद्ध झाले नसते.

थोड्या मोठ्या मुलांना शेरलॉक होम्सची १८९२ सालची शर्यतीच्या घोड्याची गोष्ट सांगा. रात्री तबेल्यातून घोडा नाहीसा झाला, पण राखणीचा कुत्रा भुंकला नाही. का? ज्याच्या दाराशी कुत्रा आहे, त्या मुलाला उत्तर सांगावेच लागणार नाही.

दोन पथ्ये मात्र पाळा. ज्या खुणेवरून उत्तर निघते, ती खूण गोष्टीत आधी सांगून ठेवा. मुलांना फसवू नका. आणि रात्री गोष्ट सांगत असाल तर उत्तर कळल्याशिवाय लहान मुलाला झोपवू नका. भुताने नेले, असा शेवट तर नकोच.

उद्या तुमच्या वर्गात पुन्हा काही तरी हरवेल. कुणी तरी कुणाकडे बोट दाखवील. त्या वेळी मागच्या पट्टीवरून एखादे पोर उठून म्हणाले, "गुरुजी, कशावरून?" तर त्याला उद्धट म्हणू नका. त्याला जवळ बोलवा, आणि सगळे मिळून शोधायला लागा. आधी बसकरपट्ट्या झटका.