हिरडा, क्रोमियम आणि आम्लं

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या बाजूला, महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करतात. कोवळं फळ वाळून काळं पडलं की तो बाळहिरडा. तो औषधाला जातो. पक्क्या हिरड्याचं टॅनिन कातडं कमावतं. कोल्हापुरी चपलेच्या चामड्यालाही बाभळीच्या सालीबरोबर हिरडा लागतो. पण या कमावणीला बरेच दिवस लागतात. मोठ्या कारखान्यांत काही तासांत काम उरकतं, ते क्रोमियमच्या क्षारांमुळे.

पाण्यात क्रोमियमच्या त्रिसंयुजी आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू घट्ट बसलेले असतात. थंड द्रावणात ते जागा सोडायला दिवसच्या दिवस घेतात; ऊब दिली की हलतात. मग सेंद्रिय आम्लाचा कार्बॉक्सिल गट तिथे शिरतो. कातड्यातल्या कोलॅजेनलाही असेच गट असतात आणि क्रोमियम कोलॅजेनचे धागे एकमेकांना बांधतं. द्रावणात थोडं फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिक आम्लाचा क्षार, घातलं, तर ते काही जागा आधीच अडवतं. त्यामुळे क्रोमियम वरच्या थरातच न अडकता आतपर्यंत मुरतं. ऑक्झॅलिक आम्ल मात्र दोन्ही हातांनी मिठी मारतं. ते जास्त झालं, तर कमावणीच बिघडते.

षट्संयुजी क्रोमियमची गोष्ट निराळी, आणि ते विषारी. त्याच्या आम्लधर्मी, नारिंगी डायक्रोमेटमध्ये ऑक्झॅलिक आम्ल टाकलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, नारिंगी रंग जातो आणि उरतं त्रिसंयुजी क्रोमियम. हिरड्यातलं गॅलिक आम्लही डायक्रोमेटचं असंच क्षपण करू शकतं.