विश्वासाचें दार

पिंपरी-चिंचवडच्या वेशीवरील जकात नाके आपल्यापैकीं पुष्कळांस आठवत असतील. १ एप्रिल २०१३ रोजीं ती जकात उठली. तोंपर्यंत तेथें मालगाड्यांची रांग लागे. गाडीवानानें सांगितलेला माल आणि ताडपत्रीखालील माल एकच आहे कीं नाहीं, एवढाच तेथें प्रश्न असे.

आतां आमच्या रहाटणींतील तरुण मंडळी हिंजवडी-चाकणच्या कामानिमित्त वरचेवर परदेशीं जातात, आणि त्यांची रांग विमानतळावर लागते. ती आंखूड करण्यासाठीं केंद्र सरकारनें २२ जून २०२४ रोजीं दिल्लीस ‘विश्वासू प्रवासी’ योजना सुरू केली. १६ जानेवारी २०२५ रोजीं ती मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. त्या यादींत पुणें नव्हतें. योजनेस शुल्क नाहीं. भारतीय नागरिकानें घरबसल्या अर्ज करावा, चौकशी झाल्यावर बोटांचे ठसे व चेहऱ्याची प्रतिमा द्यावी. ही नोंद पांच वर्षें, किंवा पासपोर्टची मुदत आधीं संपत असल्यास तोंपर्यंत चालते. मग पासपोर्ट व विमानाचा पास यंत्रास दाखविला, ओळख पटली, कीं दार आपोआप उघडतें.

परंतु येथें एक घोटाळा होतो. हें दार पारपत्र-तपासणीचें आहे. सीमाशुल्काचें, म्हणजे कस्टम्सचें नव्हे. यंत्र चेहरा ओळखतें, पेटी ओळखत नाहीं. सामानांत काय आहे हें प्रवाशानेंच जाहीर करावें, असा १९६२ चा सीमाशुल्क कायदा सांगतो. जाहीर करण्यासारखें कांहीं नसेल त्यानें हिरव्या मार्गानें जावें, असेल त्यानें लाल मार्गानें. वर्षाहून अधिक काळ परदेशीं राहून परतणाऱ्या स्त्रीस दागिन्यांची सवलत ४० ग्रॅमपर्यंत आहे, पुरुषास २० ग्रॅमपर्यंत.

माझी कन्या व जांवई दोन वर्षें जर्मनींत राहून मुंबईस उतरलीं. पहिलें दार क्षणांत उघडलें. कन्येजवळ घरच्या लग्नासाठीं घेतलेले दागिने होते, सवलतीहून बरेच अधिक. जांवई म्हणाले, “अग, आपली नोंद विश्वासू प्रवाशांत आहे. चल हिरव्या मार्गानें.” ती म्हणाली, “विश्वासू म्हटलें आहे ना? म्हणूनच लाल मार्गानें जाऊं.”

दीड तास मोडला, शुल्क भरावें लागलें. मध्यरात्रीं दोघें रहाटणीस पोंचलीं. रक्कम ऐकून माझ्या तोंडून निघून गेलें, “अग, कोण पाहणार होतें?” जन्मभर मुलांना खरें बोलण्याचे धडे दिलेल्या मास्तराच्या तोंडून! ती कांहीं बोलली नाहीं. नुसतें माझ्याकडे पाहिलें. जांवईहि खालीं मान घालून हंसले. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

श्रोतेहो, सरकारनें वेळ वांचविण्याची सोय केली आहे. तिचा लाभ जरूर घ्यावा. मात्र नाक्यावर ताडपत्री उचलून पाहणारा शिपाई असे. हिरव्या मार्गावर बहुधा आपणच आपले शिपाई असतों. जेथें तपासणी कमी, तेथें आपल्या शब्दाची किंमत अधिक. मुलांच्या पेट्या भरतांना एवढें त्यांच्या कानांवर घालावें, आणि त्या उघडतांना, माझ्यासारखें न करतां, आपणहि तें आठवावें.