राजदंड आणि क्रूस
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण झाली, यास्तव परमेश्वराचे उपकार मानावयास आपण येथे जमलो आहोत. ज्यांनी श्रमाने व पैशाने हे देऊळ उभारिले, त्यांपैकी पुष्कळ आज आपल्यात नाहीत. त्यांचे स्मरण माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी योग्य शब्दांत केलेच आहे. मजकडे निराळा विषय सोपविण्यात आला आहे: धर्म आणि राजकारण ह्यांचा संबंध कोठवर असावा?

उत्सवाच्या दिवशी हा विषय कित्येकांस रुक्ष वाटेल. परंतु आपली तरुण मंडळी हाच प्रश्न वारंवार विचारीत असतात. "इतर लोक धर्माच्या नावाने संघटित होऊन सत्ता मिळवितात, मग आपणच गप्प का बसावे? आपल्या चर्चने आपला उमेदवार का सांगू नये?" प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा उत्तरही स्पष्ट असावयास पाहिजे. माझे उत्तर असे की, धर्मसत्ता व राजसत्ता ह्यांची फारकत ही धर्माची मानहानी नसून धर्माचे संरक्षण होय. ह्याचा पुरावा शोधावयास दूर जावयास नको. तो आपल्या वसईच्या मातीतच आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. फारकत म्हणजे नास्तिकपणा नव्हे. कैसराच्या नाण्याविषयी प्रभू येशूला पेचात धरू पाहणाऱ्यांस त्याने काय उत्तर दिले, हे तुम्ही सर्व जाणता. त्या उत्तराने राजाचे देणे राजास ठरले, आणि मनुष्याचे अंतःकरण मात्र देवासाठी राखून ठेविले गेले. पुढे इ. स. ४९४ मध्ये पोप गेलासियुस ह्यांनी बादशहा अनास्तासियुस ह्यास पत्र लिहून, जगाचा कारभार दोन वेगळ्या अधिकारांनी चालतो, असे बजाविले. तेव्हा ही कल्पना आजकालच्या नास्तिकांनी काढिली, असे म्हणणे बरोबर नाही.

तसेच 'मूलतत्त्ववाद' ह्या शब्दाचे. हल्ली हा शब्द आपण दुसऱ्यांच्या धर्माकडे बोट दाखवून वापरितो. परंतु तो मूळचा ख्रिस्ती घरातलाच आहे. अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मंडळींनी १९१० ते १९१५ ह्या काळात धर्माच्या मूलतत्त्वांविषयी जी पुस्तकमाला काढिली, तिच्यावरून हे नाव रूढ झाले. श्रद्धा दृढ असणे हा दोष नव्हे. ती तशी असावी म्हणून तर आम्ही धर्मशिक्षण देतो. दोष कोठे सुरू होतो? माझी श्रद्धा दुसऱ्याच्या गळी कायद्याने व शिपायाच्या दंडुक्याने उतरवावी, आणि जो माझ्या धर्माचा नाही तो ह्या देशाचा पुरता नागरिकच नाही, असे वाटू लागते तेथे.

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे वळू. संत गोन्सालो गार्सिया हा वसईचा पुत्र. त्याचा पिता पोर्तुगीज व माता ह्याच भूमीची. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानातील नागासाकी येथे २६ जणांस क्रुसावर देहान्त शासन झाले, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्यास संतपद मिळाले. त्याचा सण आपण दरवर्षी करितो. परंतु तो कोणत्या कारणाने मारला गेला, ह्याचा विचार क्वचितच करितो. १५९६ मध्ये 'सान फेलिपे' नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्यावरील नाखव्याने बढाई मारिली की, आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवितो व मागून सैन्य पाठवितो. निदान तशी वार्ता हिदेयोशी ह्या सत्ताधीशाच्या कानी गेली, असे इतिहासकार नमूद करितात. गोन्सालोने कोणाचे राज्य घ्यावयाचे योजिले नव्हते. परंतु क्रुसामागे तलवार येते, असा एकदा संशय आला म्हणजे निरपराध मिशनरी व शिपाई ह्यांत कोण फरक करितो? राजाच्या महत्त्वाकांक्षेचे देणे आपल्या संताने आपल्या रक्ताने फेडिले.

हा संशय अगदीच निराधार होता, असे मात्र म्हणता येत नाही. 'पाद्रोआदो' ह्या नावाची व्यवस्था तुमच्यापैकी वृद्धांनी ऐकिली असेल. तिच्या योगे पोर्तुगालच्या राजाने पूर्वेकडील चर्चे बांधावी व धर्मगुरूंचा खर्च चालवावा. आणि त्याच्या मोबदल्यात बिशप कोण व्हावा हे राजाने सुचवावे, असा करार होता. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली, आणि त्याच वर्षी गोव्याच्या धर्मप्रांताची स्थापना झाली. ह्या व्यवस्थेने पुष्कळ चर्चे उभी राहिली, शाळा निघाल्या, आणि आपल्या पूर्वजांस श्रद्धेचे दान मिळाले. हे उपकार मी नाकारीत नाही. परंतु जो अन्न घालतो तो हुकूमही चालवितो, ह्या न्यायाने पुढे काय घडले ते पाहा.

१५६० मध्ये गोव्यास इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, बसले; वसईही त्याच्या अधिकारात होती. मध्यंतरीची चार वर्षे सोडिता ते १८१२ पर्यंत चालले. त्याच्यापुढे जे उभे केले गेले त्यांत नवख्रिस्ती लोकांचा मोठा भरणा होता. आपल्या आज्या-पणज्यांच्या चालीरीती पाळिल्या, हाच कित्येकांचा अपराध. १७३६ च्या एका जाहीरनाम्याने तर गोव्यातील ख्रिस्ती लोकांच्या विवाहातील देशी रिवाजांवरही बंदी घातली. आज आपल्याकडे विवाहापूर्वी वाजतगाजत उंबराचे पाणी आणतात. त्यात श्रद्धेस बाध येतो, असे कोणास वाटत नाही. राजाचा हात धर्माच्या हातात गुंतला म्हणजे पाप व गुन्हा ह्यांतील सीमाच पुसली जाते. पापाला पश्चात्ताप व क्षमा आहे, गुन्ह्याला तुरुंग.

दुसरी गोष्ट मातेउस द कास्त्रो ह्यांची. गोव्यातील दिवाडी बेटावरील हा बुद्धिमान तरुण. केवळ देशी म्हणून गोव्यात त्यास धर्मगुरूपदाची दारे बंद झाली. तो रोमला गेला, तेथे धर्मगुरू झाला, आणि १६३७ मध्ये बिशपपदापर्यंत पोहोचला. रोमने ज्यास बिशप केले, त्यास पाद्रोआदोच्या अधिकाऱ्यांनी शेवटपर्यंत मानिले नाही.

आणि राजा रुष्ट झाला म्हणजे? १७५९ मध्ये पोर्तुगालचा प्रधान पोंबाल ह्याने येशूसंघीयांस साऱ्या पोर्तुगीज मुलखातून हाकलून दिले. १८३४ मध्ये पोर्तुगालच्या सरकारने पुरुषांचे सर्व धर्मसंघ बरखास्त केले, व पुढल्या वर्षी गोव्यातील मठांसही कुलपे लागली. ज्या हाताने मठ बांधिले त्याच हाताने ते रिकामे केले.

मुंबईची कथा तर आपल्या फार जवळची. इंग्रजांस पोर्तुगालशी निष्ठा राखणारे धर्मगुरू नको होते. म्हणून १७२० मध्ये त्यांनी फ्रान्सिस्कनांस घालवून कार्मेलाईटांस बोलाविले. १७९४ पासून एकाच शहरात दोन धर्माधिकार नांदू लागले, एक पाद्रोआदोचा व दुसरा रोमच्या प्रोपागांदा मंडळाचा. श्रद्धा एक, संस्कार एक, पोप एक. परंतु शेजारी शेजारी राहणारी कुटुंबे दोन बिशपांच्या आज्ञेत वाटली गेली. हे भांडण १९२८ पर्यंत चालले. ते मिटविताना जो करार झाला, त्यातही मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावा, असे ठरले. ह्या भूमीच्या पुत्रास त्यात जागाच नव्हती! अखेर १९५० मध्ये पोर्तुगालने भारतातील धर्मप्रांतांवरील आपला हक्क सोडिला. इंग्रज आर्चबिशप टॉमस रॉबर्ट्स ह्यांनी थोर मनाने पद रिकामे केले. आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

आता ह्याच्या उलट बाजू पाहा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे वसईचा किल्ला पडला. राजा गेला, त्याची तिजोरी गेली, किल्ल्यातील भव्य मठ ओस पडले. त्यांच्या भिंती आजही झाडाझुडपांत उभ्या आहेत. श्रद्धा राजाच्या आधारावर उभी असती, तर तीही त्याच गलबतांतून निघून गेली असती. परंतु ती राहिली. देशी धर्मगुरूंनी ती जपली. आणि शेतकरी, कोळी, माळी ह्यांच्या घरांत संध्याकाळच्या रोझरीबरोबर ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. राजाने बांधिलेले पडले, आयाबायांनी जपलेले टिकले. माझ्या सबंध भाषणातून एवढे एकच वाक्य ध्यानात राहिले तरी मला पुरे आहे.

हा धडा जगभरच्या ख्रिस्तसभेने फार किंमत देऊन घेतला. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने धर्मस्वातंत्र्याविषयी जाहीरनामा काढिला, आणि धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होऊ नये, हा मनुष्याच्या प्रतिष्ठेतूनच उपजणारा हक्क होय, असे शिकविले. पुढे १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी संत पेत्राच्या महामंदिरात, सत्याच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांकडून झालेल्या जुलमाबद्दल देवाजवळ क्षमा मागितली. ज्याने स्वतःच्या घरातील धर्मांधतेबद्दल क्षमा मागितली आहे, त्यास दुसऱ्याच्या धर्मांधतेविरुद्ध बोलण्याचा अधिकार येतो; परंतु ते तुच्छतेने नव्हे, नम्रतेने बोलले पाहिजे.

आपल्या देशाच्या संविधानाने २६ जानेवारी १९५० पासून हीच वाट धरिली. २५ व्या कलमाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, तसेच धर्म मानण्याचा, आचरिण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांस दिला. २७ व्या कलमान्वये एखाद्या विशिष्ट धर्माच्या वाढीसाठी कर देण्याची कोणावरही सक्ती करिता येत नाही. आणि ह्या घटनेत आपल्या पूर्वसूरींचा वाटा आहे. ख्रिस्ती समाजास कायदेमंडळात राखीव जागा द्याव्या, असे प्रथम ठरले होते. १९४९ च्या मे महिन्यात संविधान सभेने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांची ती योजना रद्द केली. आणि संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी, येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा अशा ख्रिस्ती सभासदांनी तो निर्णय स्वखुशीने स्वीकारिला. त्यांनी धर्माच्या नावाने जागा मागितल्या नाहीत; शेजाऱ्याच्या सद्भावनेवर व कायद्यापुढील समतेवर विश्वास ठेविला.

तो विश्वास आज कोठे कोठे दुखावला जात आहे, हे मी जाणतो. धर्माच्या नावाने मते मागितली जातात, प्रार्थनेच्या सभांकडे संशयाने पाहिले जाते, आणि त्यामुळे तरुणांचे रक्त तापते. अन्याय होईल तेथे आपण निर्भयपणे न्यायालयात जावे, वृत्तपत्रांत लिहावे, सनदशीर मार्गाने चळवळ करावी. परंतु एका धर्मवेडावर दुसरे धर्मवेड हे औषध नव्हे. आपण आपला 'ख्रिस्ती पक्ष' काढिला, तर दुसऱ्यांनी आपापला काढू नये हे कोणत्या तोंडाने सांगणार?

सबब ह्या धर्मग्रामापुरते मी स्पष्ट सांगतो. ह्या वेदीवरून कोणत्याही उमेदवाराचे नाव उच्चारिले जाणार नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेनेच आम्हां धर्मगुरूंस राज्यसत्तेची पदे स्वीकारण्यास मनाई केली आहे. आणि धर्माच्या नावाने मत मागणे हा देशाच्या १९५१ च्या निवडणूक कायद्यानेही भ्रष्टाचारच होय. परंतु ह्याचा अर्थ तुम्ही घरी बसावे असा नव्हे! प्रत्येकाने मत द्यावे, निवडणुकीस उभे राहावे, पंचायतीत व नगरपालिकेत काम करावे. तेथे गेल्यावर आपल्या आळीच्या रस्त्यापुरते पाहू नये. आदिवासी पाड्यास पाणी मिळाले की नाही, मुसलमान शेजाऱ्यास दाखला मिळावयास हेलपाटे पडतात की काय, हेही पाहावे. उमेदवार कोणत्या धर्माचा आहे हे विचारू नका. तो सर्वांशी न्यायाने वागेल काय, हे विचारा. आणि कोणी पुढारी आपल्या देवळास देणगी देऊ करून मतांची गोष्ट काढील, तर त्यास नमस्कार करून परत पाठवा. पाद्रोआदोचा करारही देणग्यांनीच सुरू झाला होता.

पुढील पन्नास वर्षांनी जे येथे शतमहोत्सव साजरा करितील, त्यांच्या हाती आपण कोणाच्या कृपेवर उभे असलेले देऊळ न देता, स्वतःच्या श्रद्धेवर उभा असलेला समाज द्यावा, एवढीच माझी इच्छा आहे. संत गोन्सालोच्या मध्यस्थीने परमेश्वर आपणां सर्वांस आणि आपल्या सर्वधर्मीय शेजाऱ्यांस सुबुद्धी व शांती देवो. आमेन.