सहा तासांचा नियम

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे आपल्या एमआयडीसीच्या संगणकांवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा हल्ला झाला. मुंबईच्या मुख्यालयाबरोबरच राज्यभरातल्या प्रादेशिक कार्यालयांचं कामही अडलं. कार्यालयं एकाच जाळ्यात जोडलेली असली, की हल्लाही त्याच वाटेनं पसरतो.

हे झालं एका महामंडळाचं. महसूल, आरोग्य, नगरविकास... राज्य सरकारात तर कितीतरी खाती. प्रत्येकाची संगणकप्रणाली वेगळी, कंत्राटदार वेगळा. मग एका खात्यात घुसखोर शिरला, हे दुसऱ्याला कळायचं कसं? त्यासाठी गृह विभागाखाली ‘महाराष्ट्र सायबर’ ही यंत्रणा आहे. देशपातळीवर २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था काम करते. तिच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवणं सरकारी कार्यालयांनाही बंधनकारक आहे.

मला हा नियम फार मोलाचा वाटतो. बदनामीच्या भीतीनं घटना दडवली, तर शेजारच्या खात्याला सावध व्हायला वेळच मिळत नाही. हल्लेखोराचा आयपी पत्ता, फसव्या ईमेलचा नमुना वेळेत हाती आला, तर बाकीची खाती आपापल्या फायरवॉलवर तो रस्ता लगेच बंद करू शकतात. पण त्यासाठी तालुक्याच्या कचेरीतल्या लिपिकालाही ठाऊक हवं, की संगणकावरच्या फाइली अचानक उघडेनाशा झाल्या तर पहिला फोन कुणाला करायचा. तो क्रमांक त्याच्या टेबलासमोर लावलेलाच असायला हवा.

आणि श्रोतेहो, तुमची स्वतःची ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाली, तर तुमच्यासाठी क्रमांक आहे १९३०. लगेच फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी ते गोठवता येऊ शकतात.